लग्न, परदेशवारी आणि ऐन पावसात परत गोव्यात: आधी काय हातात घ्यावं?

आबोली
मेच्या शेवटच्या मुहूर्तावर लग्न, लगेच परदेश आणि जूनच्या मध्यावर परत, असं वेळापत्रक आपल्याकडे हल्ली बऱ्याच घरांत दिसतं. परत येईपर्यंत पाऊस स्थिरावलेला असतो. घर तीन आठवडे बंद, लग्नाचे कपडे घाईत कपाटात कोंबलेले, कागदपत्रं अर्धवट, आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं.
नात्यातलं एक जोडपं पुढच्या आठवड्यात युरोपहून येतंय. फ्लॅट म्हापशाला, दुसऱ्या मजल्यावर, दोघांची नोकरी पर्वरीला. सगळं पहिल्या आठवड्यात आटपायचं म्हणून दोघांनी भलीमोठी यादी केली आहे. त्यातलं खरंच तातडीचं काय आणि महिनाभर थांबलं तरी चालेल असं काय, हे जाणकारांनी सांगावं. किल्ली आमच्याकडे आहे, त्यामुळे ते यायच्या आधी काही करण्यासारखं असेल तर तेही लिहा.

खाजन
किल्ली आहे ना, मग ते यायच्या दोन दिवस आधी घर उघडा. गोव्यात पावसाळ्यात सगळ्यात तातडीचं काम म्हणजे ओल. बाकी कागद-बिगद आठवडाभर थांबतात, बुरशी थांबत नाही.
आत गेल्यावर दिव्याचं बटण दाबण्याआधी गॅसचा वास येतोय का बघा. नसेल तर खिडक्या उघडा आणि मग मेन स्विच. आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर ती पुन्हा पुन्हा वर करत बसू नका. सगळ्या एमसीबी (एकेका सर्किटचे वेगळे स्विच) खाली करा, सगळ्या उपकरणांचे प्लग काढा, आरसीसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी चढवत जा. जिच्यावर पडेल त्या सर्किटमध्ये गळती आहे. प्लग काढायला सांगतो त्याचं कारण असं की साधी एमसीबी फक्त फेज तोडते. गळती न्यूट्रलमधून असेल तर एमसीबी खाली असूनही आरसीसीबी पडते आणि दोष सापडतच नाही. जूनमध्ये दोष बहुतेक दोनच जागी असतो: बाल्कनीतला दिवा किंवा बाहेरचा सॉकेट, नाहीतर गिझरचं एलिमेंट. सगळे प्लग काढूनही पडतच असेल तर मात्र वायरमनच लागेल.
बंद बाथरूमला वास येतो तो नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या भागातलं, पाणी आटल्यामुळे. पाण्याची ती अडसर गेली की गटारातली हवा, झुरळं, बारीक माश्या थेट घरात येतात. प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओता. यापुढे घर बंद करून जाताना त्यावर चमचाभर खोबरेल ओतून ठेवलं तर पाणी हळू आटतं. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, टाकीतलं पाणी बदला. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, बाल्कनीतली बादली हे सगळं रिकामं करून घासून घ्या. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. तीन आठवडे त्यासाठी भरपूर झाले.
इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी खालच्या खुणेच्या खाली गेलं असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, नळाचं नाही.
आता खिडक्यांबद्दल. बंद घर म्हणून लोक दिवसभर सगळं सताड उघडं ठेवतात. बाहेरच्या हवेत ९० टक्क्यांच्या आसपास दमटपणा असताना त्यानं घर कोरडं होत नाही, उलट गाद्या आणि कपडे ओल ओढून घेतात. अर्धा तास उघडून कोंदट वास जाऊ द्या, मग बंद करून एसी ‘ड्राय’ मोडवर दोन-तीन तास चालवा. उघडीप पडली की पुन्हा उघडा. दमटपणा मोजणारा, घड्याळासारखा छोटा हायग्रोमीटर काहीशे रुपयांत मिळतो, तो भिंतीला लावा. आकडा ६० च्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही. ७०-७५ वर दिवसेंदिवस राहिला तर चामडं, पुस्तकं, लाकूड सगळ्यावर येते.
पश्चिमेच्या भिंतीला लावलेलं कपाट हातभर पुढे ओढून मागे बघा. मोसमी पाऊस त्याच अंगानं झोडपतो, भिंत गार पडते आणि कपाटामागची हवा हलत नाही. तिथे काळे ठिपके असतील तर घरगुती ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग, हातमोजे घालून पुसा. दहा मिनिटांनी साध्या पाण्यानं पुसून पंख्यानं वाळवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. नंतर कपाट भिंतीपासून चार बोटं लांबच राहू द्या.

जरतार
खाजन यांनी घराचं लिहिलंच आहे, मी कपाटाच्या आतलं लिहिते. लग्नाचे कपडे घामानं, हळदीनं, अत्तरानं भरलेले असतात आणि तसेच बॉक्समध्ये किंवा प्लास्टिकच्या कव्हरात जातात. बुरशीला खाद्य आणि ओल दोन्ही एका जागी मिळतं. शालू, पैठणी, शेरवानी, उपरणं, सगळं पहिल्या दिवशी बाहेर काढा.
पंख्याखाली, उन्हात नाही, स्वच्छ चादरीवर पूर्ण उलगडून बघा. पदर, निऱ्यांचा खालचा काठ, कमरेची जागा आणि ब्लाउजची काख नीट तपासा. पांढुरकी पावडर किंवा राखाडी ठिपके म्हणजे बुरशी. ती ओल्या फडक्यानं पुसू नका, पसरते आणि विणीत शिरते. साडी पूर्ण कोरडी करा, गॅलरीत नेऊन नाकाला मास्क लावून मऊ ब्रशनं विणीच्या दिशेनं झटका. हे दुसऱ्या कपड्यांजवळ करू नका, कण उडून तिथे बसतात. मग ड्रायक्लीनिंगला द्या.
देताना प्रत्येक डागाला दोऱ्याचा टाका किंवा कागदाची चिठ्ठी लावा आणि डाग कशाचा ते सांगा: तेल, हळद, कुंकू, घाम. घाम आणि सरबताचा डाग आज दिसत नाही, पण चार महिन्यांनी पिवळा होऊन वर येतो, तेव्हा काढणं कठीण जातं. धुवायला द्यायच्या आधी इस्त्री मात्र करू नका, उष्णतेनं डाग पक्का बसतो.
परत आल्यावर दुकानाचं प्लास्टिक लगेच काढून टाका. पांढऱ्या, कांजी नसलेल्या धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा. जरीची तार काळी पडते ती गंधकामुळे, ओलीमुळे आणि अत्तरामुळे, त्यामुळे रबर बँड, वर्तमानपत्र, डांबरगोळी यांतलं काहीही जरीला लागू नये. कसरीसाठी वेखंडाची किंवा लवंगेची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवा, घडीत नाही. दर तीन-चार महिन्यांनी घडी वेगळ्या रेषेवर मोडा, नाहीतर जरीची तार त्याच दुमडीवर तुटते.
दागिन्यांत मोती आणि कुंदन फक्त कोरड्या मऊ कापडानं पुसायचं. साधं सोनं कोमट पाण्यात शांपूचे दोन थेंब आणि मऊ ब्रशनं धुऊन, पूर्ण वाळवून मगच लॉकरला.

आबोली
जरतारताई, खूप उपयोगी. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हळदीच्या दिवशीचा पांढरा सुती कुर्ता साबण लावताच लालभडक झाला, तो वाया गेला का? आणि पावसात साड्या सुकवायच्या कुठे?

जरतार
वाया गेलेला नाही. हळदीतलं कुर्क्युमिन साबणाच्या क्षारानं लाल होतं, भरपूर पाण्यात खळबळलं की परत पिवळं. सुती कापड असेल तर धुऊन ओलंच उन्हात टाका. प्रकाशानं तो रंग विरतो, दोन-तीन वेळा करावं लागतं. पावसात ऊन मिळेल त्या दिवसाची वाट बघा, तोवर इस्त्री नको. रेशमावर हा उपाय नाही, उन्हानं रेशीमच पिवळं पडतं.
सुकवायला एक खोली ठरवा. एसी ड्राय मोडवर, खुर्च्यांमध्ये सुती दोरी, त्यावर साडी एका पदरी. तीन तास पुरतात.

कुळागर
कपाटात पंधरा वॅटचा बल्ब रात्रंदिवस लावून ठेवायचा, हा आमच्या घरांतला जुना आणि स्वस्त उपाय आहे. हवा दोन-चार अंशांनी गरम झाली की दमटपणा उतरतो.

खाजन
कुळागर बाब, तत्त्व बरोबर आहे, पण तो पिवळा तारेचा बल्ब होता. आज दुकानात मिळतो तो एलईडी, त्याची उष्णता नगण्य. लोक तो लावतात आणि कपाट कोरडं राहील अशा भरवशावर बसतात. जुना बल्ब मिळालाच तर जाळीच्या पिंजऱ्यात, कपड्यापासून वीतभर लांब, कपाटाच्या तळाशी. नव्या घरात, जिथे दिवसभर कोणी नसतं, तिथे रेशमाजवळ उघडा गरम बल्ब ठेवू नये, आगीचा धोका खरा आहे.
त्यापेक्षा सिलिका जेल बरं. एका कप्प्याला २०० ग्रॅम, कापडी पिशवीत. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा, परत वापरा. बाजारात पाणी साठवणारे पांढऱ्या दाण्यांचे डबेही मिळतात. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, ओल जोरात ओढतं, पण खाली साठलेलं पाणी कपड्यावर किंवा चामड्यावर सांडलं तर डाग जात नाही. ते फक्त बुटांच्या कप्प्यात, सपाट जागी.

निशिगंध
घराचं झालं, आता माणसांचं. उन्हाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. परत येताना प्रवास पूर्वेकडे, म्हणजे झोप अलीकडे ओढायची, आणि शरीराला हे जास्त जड जातं. दिवसाला साधारण एक तास जुळतो, म्हणून चार दिवस धरून चाला.
आपल्या सकाळी सात वाजता शरीरासाठी पहाटेचे साडेतीन असतात. पहिले दोन दिवस पहाटे उठून फिरायला जाऊ नका. त्या वेळचा प्रखर उजेड घड्याळ उलट दिशेला ढकलतो. नऊनंतर अर्धा-पाऊण तास बाहेरचा उजेड घ्या, ढगाळ असला तरी चालतो. दुपारी वीस-तीस मिनिटांची डुलकी, तीनच्या आत. दुपारनंतर चहा-कॉफी नको. बाली किंवा सिंगापूरहून येणाऱ्यांचं उलटं असतं: संध्याकाळी आठलाच पेंग येते, त्यांनी संध्याकाळचा उजेड घ्यावा. सोमवारी कामावर जायचं असेल तर शुक्रवारी पोचलेलं बरं.
परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाचा देश आणि तारखा आपणहून सांगा. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामोल. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूची एनएस१ चाचणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते. पावसाळ्यात मलेरियाचीही तपासणी करून घ्या.
एक गोष्ट संकोचामुळे कोणी लिहीत नाही. नव्या नवरीला लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं हा त्रास या दिवसांत बऱ्याचदा होतो. हा मूत्रमार्गाचा संसर्ग आहे, लाज वाटण्यासारखं काही नाही. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचा नमुना कल्चरला (जंतू ओळखण्याच्या तपासणीला) द्या आणि गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर पाठीत दुखू लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. प्रवासात लघवी तुंबवून न ठेवणं आणि संबंधानंतर लघवीला जाऊन येणं, एवढ्यानं बराच बचाव होतो. सासरच्या बायकांनी नवरीला हे विचारलं तर तिला किती बरं वाटेल!

सनद
कागदांच्या बाबतीत एकच काम तातडीचं: दुसरी सही.
गोव्यात देवळात किंवा हॉलमध्ये लग्न लागलं म्हणजे नोंदणी झाली असं होत नाही. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोघांनी आधी लग्नाचा इरादा जाहीर करायचा, ती पहिली सही. मग हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर साक्षीदारांसह दुसरी सही. दुसऱ्या सहीनंतरच लग्न नोंदवहीत चढतं आणि दाखला मिळतो. बरेच जण पहिली सही एप्रिल-मेमध्ये करतात आणि विमान गाठायच्या गडबडीत दुसरी राहून जाते. ती राहिली असेल तर पहिल्याच कामाच्या दिवशी पावती घेऊन कार्यालयात जा आणि दुसऱ्या सहीची तारीख पक्की करा. साक्षीदारांचे आधार, नावांची स्पेलिंगं जन्मदाखल्याशी ताडून पाहा. इथे एक अक्षर चुकलं तर पुढे प्रत्येक कागदात ते निस्तरावं लागतं.
आडनाव बदलणं मात्र सक्तीचंही नाही आणि घाईचंही नाही. बदलायचंच ठरलं तर क्रम पाळा: दाखला, मग आधार, मग पॅन, मग बँक, आणि शेवटी पासपोर्ट. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून नक्की काय लिहायचं ते ठरल्याशिवाय हात लावू नका. पासपोर्टमध्ये माहेरचं नाव तसंच ठेवून जोडीदाराचं नाव नोंदवता येतं. व्हिसा अजून जिवंत असेल आणि लवकरच पुन्हा प्रवास असेल तर नाव बदलायचं पुढे ढकला. व्हिसा, पासपोर्ट आणि तिकीट यांवरचं नाव जुळलंच पाहिजे.
लग्न परदेशातच लागलं असेल तर तिथल्या दाखल्यावर अपोस्टिल (दाखला दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) त्याच देशातून घ्यावं लागतं, इथे बसून मिळत नाही. इटलीसारखे अपोस्टिल करारातले देश असतील तर निघायच्या आधीच करून घ्यावं.

जमाखर्च
सनद यांच्या पुढचं. गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेखाली लग्न झालं आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर दोघांची मालमत्ता सामाईक होते. लग्नानंतर हा करार करता येत नाही. स्थावर मालमत्ता विकताना दोघांच्या सह्या लागतात.
आयकरात याचा परिणाम पहिल्याच रिटर्नमध्ये दिसतो. आयकर कायद्याप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात हे कलम ५अ होतं) पगार ज्याचा त्याच्याकडे, पण व्याज, भाडं, धंद्याचं उत्पन्न, भांडवली नफा दोघांत निम्मं-निम्मं. फॉर्ममध्ये या वाटणीचं वेगळं शेड्यूल भरावं लागतं, त्यामुळे नेहमीचा आयटीआर-१ चालत नाही. पगारदारांनी आयटीआर-२ घ्यावा. दोघांनी एकमेकांचे पॅन आणि व्याजाचे आकडे एकत्र बसून जुळवावेत. एकानं निम्मं दाखवलं आणि दुसऱ्यानं दाखवलंच नाही तर नोटीस येते. गोव्याबाहेर नोकरीला लागलेली मुलं हे हमखास विसरतात.
आहेर: लग्नानिमित्त वधूवरांना मिळालेल्या भेटीवर कर नाही, देणारा नातेवाईक असो वा नसो. आईवडिलांच्या नावानं दिलेल्या भेटीला ही सवलत नाही. एका व्यक्तीकडून एकाच प्रसंगात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. आहेराची वही, पाकिटांवरची नावं, पत्रिका जपून ठेवा आणि रोख रक्कम महिन्याभरात बँकेत भरा. सहा महिन्यांनी भरलेली रोख आहेराची होती हे सांगणं जड जातं.

आबोली
हनिमूनचं पॅकेज मुलाच्या वडिलांनी भरलं होतं. त्यावर कापलेले पैसे परत मिळतात का? आणि उरलेले युरो?

जमाखर्च
टूर कंपनीनं घेतलेला टीसीएस (पॅकेजवर आगाऊ वसूल केलेला कर) ज्याच्या पॅनवर जमा झाला, त्याच्याच आयकराच्या वार्षिक विवरणात दिसतो. वडिलांचा पॅन दिला असेल तर वडिलांनी आपल्या रिटर्नमध्ये तो दाखवावा, त्यांच्या करातून वजा होईल किंवा परत मिळेल. पावतीवरचा पॅन आजच बघून ठेवा.
युरोच्या नोटा आणि फॉरेक्स कार्डावरची शिल्लक: २,००० डॉलरइतक्या किमतीपर्यंत जवळ ठेवता येते, त्यावरची रक्कम परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा अधिकृत मनी चेंजरला विकावी लागते. नाणी बहुधा कोणी घेत नाही. कार्ड वापरात नसताना काही बँका शुल्क कापतात, म्हणून उगाच शिल्लक ठेवू नका.

सुरंगी
स्वयंपाकघर राहिलं. मे महिन्यात लग्नाच्या धामधुमीत या घरात पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, झालेलंच नसणार. त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी थोडी आणि महाग. दोघांना सप्टेंबरपर्यंत पुरेल असा अंदाज देते: भिंडाची सोलां (आमसुलं) अर्धा किलो, सुक्या मिरच्या एक किलो, चिंच अर्धा किलो, सुकी सुंगटां (कोळंबी) अर्धा किलो, खारे बांगडे दोन डझन, गालमो (सुका जवळा) पाव किलो. उकडे तांदूळ एकदम पंचवीस किलो आणू नका. दोघांना महिन्याला आठ-नऊ किलो लागतात, दहा-दहा किलोच आणा.
जूनमध्ये घेतलेल्या मालात ओल असतेच. मिरची मोडून बघा, कट्‌कन मोडली पाहिजे, वाकली तर ६० अंशांवर ओव्हनमध्ये तासभर ठेवून, गार करून मगच बरणीत. गरम भरली तर आत वाफ धरते. सुकी मासळी झिपच्या पिशवीत फ्रीझरमध्ये, नाहीतर नव्या घराला आठवडाभर वास.
जेवणाच्या आमंत्रणांबद्दलही सांगते. पाचपरतावन प्रवासामुळे राहिलं असेल तर ते आणि कुलदेवतेचं दर्शन आधी, बाकी सगळ्यांना जुलैतले रविवार द्या. कामावर रुजू झालेल्या आठवड्यात रोज रात्री कुणाकडे तरी जेवण लावलं की निशिगंध सांगतात ती झोप कधीच जुळत नाही. आमंत्रण देणारी माणसं प्रेमानंच बोलावतात, तारीख पुढची दिली तर कोणी रागावत नाही.
पहिल्या चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) वज्याचं, म्हणजे माहेरहून सासरी जाणाऱ्या फराळ-फळांच्या भेटीचं, बोलणंही दोन्ही घरांनी आषाढातच करून घ्यावं. किती माणसांच्या पंगतीला, काय काय, स्पष्ट ठरवा. ओल्या खोबऱ्याच्या नेवऱ्या (करंज्या) दोन दिवसांवर टिकत नाहीत, त्या मोजक्याच. सुक्या पंचखाद्याच्या पंधरा दिवस राहतात. ढीगभर पाठवायची चढाओढ मुलीच्या आईवडिलांवर पडते, ती मुलाकडच्यांनीच आधी बोलून थांबवावी असं माझं ठाम मत आहे.

आबोली
सर्वांचे मनापासून आभार. उद्याच घर उघडतो. जरतारताई, शेवटचं: चवथीला नवरीला शालूच नेसायचा आहे. तोवर तो ड्रायक्लीनिंगहून आणून तसाच ठेवला तर चालेल?

जरतार
चालेल, पण प्लास्टिकमध्ये नाही, मलमलमध्ये, आणि मध्ये एकदा उघडा. श्रावणात उघडीप मिळाली की अर्धा दिवस पंख्याखाली. चवथीला माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या छताखाली) बसताना लक्ष ठेवा, फळांचा चीक साडीवर पडला तर जात नाही. समईच्या तेलाचा डाग पडला तर चोळू नका, त्यावर टाल्कम पावडर जाड थापून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. नेसून झाल्यावर घामाची ओल जाईपर्यंत दोरीवर, आणि काठाला साबण नको.

खाजन
आणि आबोलीताई, उद्या जाताना टॉर्च न्या. तीन आठवड्यांनी मेन स्विच अंधारात चाचपडायचा नाही.